मदत हवी आहे : वाइनच्या चवीला मराठी शब्द सुचवा

नमस्कार मंडळी. 'कामी नो शिझुकु' ही जपानी चित्रकथामालिका (2004 ते 2014, एकूण 44 खंड) मी इंग्रजीतून वाचतेय आणि रोज रात्री आईला फोनवर मराठीत सांगतेय. कथेतल्या वडिलांनी मृत्युपत्रात बारा वाइन आणि तेराव्या 'देवाच्या थेंबा'चं वर्णन करून ठेवलंय. मुलगा शिझुकु आणि दत्तक घेतलेला वाइन-समीक्षक इस्सेई यांच्यात त्या वाइन ओळखण्याची चुरस! शिझुकु बाटली उंच धरून रेशमाच्या धाग्याएवढी बारीक धार सोडतो, ते ऐकून आई अगदी हरखली.

पण चवीपाशी मी अडते. टॅनिनला, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या घटकाच्या चवीला, 'तुरट' चपखल बसतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसंच. जंगलातल्या ओल्या पाचोळ्याच्या वासाला काय म्हणू? 'मृद्गंध' म्हटलं की पहिला पाऊसच आठवतो, आणि 'कुजका' म्हटलं तर सगळी मजाच गेली. वाइनच्या 'बॉडी'ला, म्हणजे घोट तोंडात किती भरीव लागतो त्याला, 'दाटपणा' चालेल? घोट गिळल्यावर रेंगाळणाऱ्या चवीला एखादा शब्द आहे का?

नाशिककडे वाइनरीत काम करणारं कुणी असेल तर तुम्ही आपसात काय म्हणता, ते नक्की सांगा. बोलीतला शब्द असेल तर फारच छान.