टोलेडो: तिघं जण, दीडशे युरो, एक रात्र. जमेल का?

खिसा_रिकामा
मंडळी मदत हवीय. मी माद्रिदला मास्टर्स करतेय, सप्टेंबरअखेर आईबाबा येतायत आणि बाबांनी कुठूनतरी टोलेडोचे (माद्रिदजवळचं जुनं गाव) फोटो बघून ठेवलेत, आता तिथं जायचंच म्हणतात. तिघांचे मिळून दीडशे युरो, त्यातच जाणंयेणं, एक रात्र राहणं, खाणं, तिकिटं सगळं बसवायचंय. रविवारी म्युझियम फुकट असतात असं वर्गातली मुलं म्हणतात म्हणून रविवारी सकाळी जाऊन सोमवारी परत यायचं असं डोक्यात आहे. आईचे गुडघे दुखतात, ती अंडंसुद्धा खात नाही, आणि बाबा प्रत्येक पाटी वाचल्याशिवाय पुढं सरकत नाहीत. ट्रेन घेऊ की बस? आणि ती सात ठिकाणांची मनगटी पट्टी मिळते, म्हणजे सगळ्यांचं मिळून एकच तिकीट, ती घ्यावी का?

ताखोकाठी
रविवार-सोमवार नको गं, शनिवार-रविवार कर. चित्रकार एल ग्रेकोचं म्युझियम आणि एल ट्रान्सितो सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) ही दोन्ही सरकारी आहेत, शनिवारी दुपारी २ नंतर आणि रविवारी फुकट, सोमवारी दोन्हींना कुलूप. म्हणजे तुझ्या प्लॅनमध्ये फुकटातलं सगळं रविवारीच धावपळ करून उरकावं लागेल आणि सोमवारी बंद दारं बघत फिराल. अल्काझार किल्ल्यातलं लष्करी म्युझियमही रविवारी फुकट असतं, पण ते प्रचंड आहे, बाबा तिथं शिरले तर दुपारपर्यंत बाहेर येणार नाहीत, तेव्हा ते शेवटी ठेव.

ट्रान्सितो मात्र अजिबात चुकवू नकोस. राजा पेद्रोचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात बांधून घेतलं. आत गेल्यावर आधी लाकडी छताकडे बघ, मग भिंतींवरच्या गिलाव्यातल्या नक्षीकडे, त्यात हिब्रू ओळी कोरल्यात आणि मधेच कॅस्टिलच्या राजाची चिन्हं, वर बायकांसाठी वेगळा सज्जा. १४९२ ला ज्यूंना देशाबाहेर काढलं, नंतर त्याचं चर्च झालं. बाबांसाठी वाचायला भरपूर आहे, आणि पैसे शून्य.

बसच घे. माद्रिदच्या प्लाझा एलिप्तिकाच्या खालून सुटते, तिकीट ट्रेनच्या निम्म्याहून कमी. फक्त चढायच्या आधी विचार की दिरेक्तो, म्हणजे थेट जाणारी, आहे ना, दुसरी गावागावात थांबत जाते आणि अर्धा तास जास्त खाते. ट्रेन अर्ध्या तासात पोचवते हे खरं, पण तिघांचा जाऊन-येऊन हिशेब केलास तर तुमचं एक जेवण त्यातच गेलं.

स्वस्तातला_सरदार
वरच्यांचं बरोबर, पण पट्टीबद्दल बोलतो कारण तिथंच लोक फसतात. पट्टी साधारण बारा-चौदा युरोची, एकेका ठिकाणाचं सुटं तिकीट चारेक युरो, म्हणजे चार तरी ठिकाणं बघणार असाल तरच परवडते. गुडघे दुखणारी बाई आणि पाट्या वाचणारा माणूस घेऊन दीड दिवसात सात ठिकाणं? विसर. मी तर म्हणेन सांतो तोमे चर्च आणि सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग एवढ्यांची सुटी तिकिटं काढ आणि वाचलेल्या पैशात कॅथेड्रल बघ. ते महाग आहे, बारा युरोच्या आसपास धर, आणि रविवारी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना दुपारीच सोडतात हे लक्षात ठेव. पण सॅक्रिस्टीत (पाद्र्यांच्या तयारीच्या खोलीत) एल ग्रेकोचं मोठं चित्र जागेवरच लावलेलं आहे आणि वेदीमागे छत फोडून उजेड आत आणलाय, एल ट्रान्सपरेंते म्हणतात त्याला, अठराव्या शतकातलं काम, ते बघून माणूस गप्पच होतो. लोक बाहेरून फोटो काढून पुढं जातात आणि मग रस्त्यावर तलवारीच्या आकाराच्या की-चेनवर तेवढेच पैसे घालवतात, त्यांना काय बोलायचं.

सांतो तोमेमध्ये एकच चित्र बघायचंय, ओर्गाथच्या काउंटचं दफन, एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ मध्ये केलेलं. डावीकडे पुढं उभा असलेला मुलगा एल ग्रेकोचाच, खिशातल्या रुमालावर १५७८ असं साल आहे. आईबाबांना आधी सांगू नकोस, तिथं शोधायला लाव.

गुडघेवाली_मावशी
अगं आईचं काय ते कोणीच नीट सांगत नाहीये. टोलेडो टेकडीवर आहे, सगळे रस्ते चढउताराचे आणि गुळगुळीत गोट्यांचे, पण बस स्टँडच्या जवळूनच साफोंतचे सरकते जिने थेट वर मिरादेरोला नेतात, फुकट. दुसरे बिसाग्रा दरवाजाच्या बाजूला. रात्री उशिरा बंद होतात, तेव्हा खोली खाली गावाबाहेर घेतलीत तर जेवून वेळेत उतरा. भिंतीबाहेर खोल्या स्वस्त पडतात, फक्त जिन्यापासून लांब नको. वर गेल्यावर अल्काझारच्या वरच्या मजल्यावर सार्वजनिक लायब्ररी आहे, लिफ्टने जाता येतं, शनिवारी उघडी असेल तर खिडकीतून ताखो नदीचा वळसा आईला बसून बघता येईल.

आणि सान हुआन दे लोस रेयेस या चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे बघायला विसरू नका, तिकीट नको, नुसतं रस्त्यावरून. ग्रॅनाडाच्या युद्धात सोडवलेल्या ख्रिश्चन कैद्यांच्या बेड्या तिथं रांगेने टांगल्यात. तिथून सान मार्तीन पूल जवळच.

खाण्याचं असं की पिस्तो मान्चेगो मागा, टोमॅटो-भोपळी मिरची असा भाजीचा प्रकार, पण वर अंडं घालून देतात म्हणून 'सिन उएवो' म्हणायचं आणि हातानेही नाही म्हणून दाखवायचं 😄. कार्कामुसास म्हणून पाटी दिसेल ते डुकराचं आहे. पाणी विकत घेऊ नका, २०२२ च्या कायद्याने हॉटेलने नळाचं पाणी फुकट द्यायचं असतं, 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा. रविवारी सुपरमार्केट बंद सापडतील, तेव्हा ब्रेड-चीज-फळं शनिवारीच माद्रिदमधून घेऊन जा. काही मठांत नन्स मार्झिपान विकतात, लाकडी फिरत्या कप्प्यातून, समोरचं माणूस दिसतच नाही, पैसे ठेवायचे आणि कप्पा फिरून डबा येतो. छोटा डबा घ्या.

खिसा_रिकामा
सगळ्यांना मनापासून थँक्यू 🙏 शनिवार-रविवार नक्की. बाबांना पट्टीचं सांगितलं, ते म्हणाले चारच ठिकाणं पण निवांत. मावशी, मिरादोर देल व्हाये म्हणून नदीपलीकडून पूर्ण गाव दिसतं म्हणतात, तिथं आईला चालत नेऊ का? आणि रविवारी परत किती वाजता निघू?

गुडघेवाली_मावशी
आईला चालत नको, शहराची साधी बस जाते तिकडं, माहिती केंद्रात नंबर विचार. खेळण्यातली आगगाडीसारखी गाडीही फिरवते पण ती महाग. बाबांना हवं असेल तर पूल ओलांडून ते रस्त्याने चालत येऊ शकतात, पाट्या कमी आहेत तिथं.

ताखोकाठी
रविवारी संध्याकाळी माद्रिदच्या बससाठी लांब रांग लागते, सगळे एकदमच परततात. कॅथेड्रल दुपारी उघडल्या उघडल्या बघून घ्या आणि पाचच्या आधी स्टँडवर या, म्हणजे आईला बसायला जागा मिळेल.