टॉकबॅक नुसतं "बटण, बटण" म्हणतंय, काय करू?

कोथरूडकर: माझ्या मावशीला दिसत नाही, ती टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून मोबाईल वापरते, आम्ही क्लिनिकच्या अपॉइंटमेंटचं ॲप बनवतोय ते तिला दिलं तर सगळीकडे नुसतं "बटण, बटण" ऐकू येतंय, वैतागली बिचारी. चुकतंय कुठे?

पेठेतला डेव्हलपर: आयकॉनला लेबल नसणार. अँड्रॉइडमधे कंटेंट डिस्क्रिप्शन (टॉकबॅकने वाचायचं वर्णन) भर, "तारीख निवडा" वगैरे, आणि त्यात परत "बटण" लिहू नकोस, ते टॉकबॅक स्वतःच बोलतं.

हडपसरवाली: चित्रातला कॅप्चा (माणूसच आहे ना हे तपासायला चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारं कोडं) असेल तर तो आधी काढा!! आणि ती फॅशनेबल फिकट करडी अक्षरं पण, कमी दिसणाऱ्यांना वाचता यावं म्हणून साध्या मजकुराला अक्षरं आणि मागच्या रंगातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ लागतो.

कोथरूडकर: कॅप्चा आहे 😅 काढतो. लेबलं रात्री टाकतो, उद्या मावशीच टेस्टर.