एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच का?

धागाकर्ता : एप्रिल उजाडला की ‘एल निनोचे सावट’ हा मथळा ठरलेला असतो, आणि मंडईपासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत यंदा पाऊस कमीच, असे सगळे गृहीत धरून चालतात. एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचे विषुववृत्ताजवळचे पाणी नेहमीपेक्षा तापणे, आणि ते किती तापले यावरून आपल्या मोसमी पावसाचे भविष्य वर्तवणे हा निव्वळ बागुलबुवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक होता, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम होता, आणि पाऊस ८१ टक्क्यांवरच थांबला. ज्या कारणाचा परिणाम असा उलटसुलट होतो, त्याला कारण तरी का म्हणावे?

पाषाणकर : आपण दिलेली दोन्ही वर्षे खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. समुद्र किती तापला याइतकेच तो कुठे तापला हे महत्त्वाचे असते. एरवी पॅसिफिकचे सर्वांत उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला साठलेले असते, तिथली हवा वर चढते आणि व्यापारी वारे पूर्वेकडून तिकडे वाहत राहतात. एल निनोमध्ये हे वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, त्याबरोबर हवा वर चढण्याची जागाही सरकते, आणि कुठे तरी ती हवा खाली उतरावीच लागते. तापमानवाढ मध्य पॅसिफिकमध्ये केंद्रित असेल तर हा उतार भारतीय उपखंडावर येतो आणि ढग वाढू शकत नाहीत. ती दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे अधिक असेल तर आपण बरेचसे वाचतो. २००२ आणि १९९७ यांतील मुख्य फरक हाच, आणि तो २००६ मध्ये ज्या संशोधनातून मांडला गेला त्यात आपल्या पाषाणच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ अग्रभागी होते. १३२ वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवले की भारतातील प्रत्येक तीव्र दुष्काळ एल निनोच्या वर्षीच पडला, मात्र प्रत्येक एल निनोने दुष्काळ आणला नाही. याला बागुलबुवा म्हणणे धाडसाचेच आहे.

सासवडकर : शास्त्र मान्य, पण आमच्या पुरंदरच्या पर्जन्यछायेत त्याचा उपयोग काय, हे कोणी सांगेल का? २०२३ मध्ये देशाचा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, म्हणजे कागदावर फारसे बिघडले नाही. प्रत्यक्षात जुलैमध्ये सरासरीहून १३ टक्के जास्त पाऊस झाला आणि ऑगस्टमध्ये ३६ टक्क्यांची तूट आली. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वाफसा पाहून पेरलेला वाटाणा ऐन फुलोऱ्यात असताना खंड पडला, तर सप्टेंबरची भरपाई त्याच्या काय कामाची? हंगामाची टक्केवारी शहरातल्या चर्चेसाठी ठीक आहे, शेतकऱ्याला पंधरवड्याचा अंदाज हवा असतो.

पाषाणकर : पंधरवड्याचा अंदाज हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण हंगामी अंदाजाचे गिऱ्हाईक केवळ शेतकरी नसतो. खडकवासला साखळीतील चार धरणांत मिळून जेमतेम २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते, आणि त्यातून शहराची तहान व कालव्याची आवर्तने दोन्ही भागवायची असतात. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात दर गुरुवारी पाणी बंद ठेवले गेले, ते एल निनोचा इशारा मानूनच. तेव्हा आपण सगळ्यांनी बोटे मोडली. पुढचा ऑगस्ट पाहता तो निर्णय अनाठायी नव्हता.

धागाकर्ता : मग हिंदी महासागराचे काय? त्याचे पश्चिमेकडचे पाणी आफ्रिकेच्या बाजूला तापले आणि सुमात्राकडचे थंडावले, की विषुववृत्तावरील वारे उलट दिशेने वाहू लागतात आणि आपल्याकडे येणारे बाष्प वाढते. या द्विध्रुवाची १९९९ मध्ये ओळख पटली. १९९७ मध्ये तो आपल्या बाजूने होता, २०१९ मध्ये तर इतका प्रबळ होता की देशात ११० टक्के पाऊस झाला. घरासमोरचा समुद्र सोडून पेरूच्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसणे मला अजूनही पटत नाही.

कोथरूडचा वाचक : घरासमोरचा समुद्रही आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२३ मध्ये हाच द्विध्रुव अनुकूल झाला, पण हंगाम सरत आल्यावर, त्यामुळे ऑगस्ट वाचला नाही. शिवाय पश्चिम हिंदी महासागर गेल्या शतकभरात उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला आहे. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील ज्या फरकावर मोसमी वारे उभे असतात, तो त्यामुळे कमी होतो आणि वाऱ्यांचा एकूण जोर घटतो. उलट अरबी समुद्रावरून येणारे बाष्प अधूनमधून एकदम उसळते आणि मध्य भारतात अतिवृष्टी होते. अशा अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. म्हणून कोणता महासागर खरा, हा वाद मला अपुरा वाटतो. दोन्हींचे नकाशे एकत्र ठेवून, आणि तेही जूनमध्ये पुन्हा तपासून, वाचावे लागतात. एप्रिलच्या मथळ्यावर दुबार पेरणीचे बियाणे विकत घेऊन ठेवणारा आणि मथळ्याकडे ढुंकूनही न पाहणारा, दोघेही सारखेच चुकतात.

सासवडकर : बियाणे घेऊन ठेवणारा चुकतो, असे मी म्हणणार नाही. खंड पडल्यावर तेच बियाणे दुकानात मिळत नाही.