तारीख मिळाली आहे, पण ती यायची आहे: मधले दिवस कसे काढलेत?

तळ्याकाठची, डिचोली

धाकटा भाऊ २४ वर्षांचा. वेर्ण्याला एका कंपनीत कामाला होता. मे महिन्यापासून रात्रीची झोप गेली, दोनदा अर्ध्या वाटेत बसमधून उतरून घरी परत आला आणि जूनमध्ये नोकरी सोडली. गावच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, मनोविकारतज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली. ती घेऊन एका मोठ्या इस्पितळात गेलो तर तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरची. म्हणजे चवथ (गणेशचतुर्थी) उलटून गेल्यावरची. खिडकीवरच्या बाईंवर तरी काय रागावणार? त्यांच्यासमोरची वहीच भरलेली होती.

तारीख मिळाली त्या दिवशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून कळेना, आता करायचं काय? त्याला रोज 'कसं वाटतंय' विचारावं की विचारूच नये? आई त्याच्या ताटाकडे बघत बसते. बाबा म्हणतात, कामाला लागला की जाईल. चवथीला घर भरेल आणि प्रत्येक जण विचारेल, 'हल्ली खंय असतोस रे?' आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास, दरवर्षी तोच बांधतो. यंदा कुणी विषयच काढत नाही.

उपदेश नकोत. तुमच्याकडे हे दिवस कसे गेले तेवढं सांगा. चुकलेलंही सांगा.

पेडण्याची सून

ताई, माझं बाळंतपणानंतरचं. बाळ तीन महिन्यांचं होतं. ते रडायला लागलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई लसीच्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'बाळाचं झालं, तुझं काय?' तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. चिठ्ठी मिळाली, मग दीड महिना थांबणं.

सासूबाईंना वाटत होतं दृष्ट लागली. घाड्याकडे, म्हणजे दृष्ट-भूत उतरवणाऱ्याकडे, जाऊया म्हणत होत्या. मी भांडले नाही, अंगात तेवढं बळच नव्हतं. देवळात कौल लावला, तो उजवा आला. देवाचाच होकार म्हटल्यावर सासूबाई स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार झाल्या. कुणी हसेल, पण माझं काम त्या कौलाने झालं.

दुसरं म्हणजे, थांबायच्या त्या दिवसांत फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड बिघडतो आणि त्यानेही असंच व्हायला होतं. माझा बिघडलेला निघाला. सगळं दुखणं त्याचं नव्हतं, पण काही तरी होतं. तारखेला गेले तेव्हा रिपोर्ट हातात होते, नाही तर पहिली भेट 'हे तपासून या' यातच संपली असती. भावाच्याही तपासण्या करून ठेवा.

निवृत्त सिस्टर, सत्तरी

तीस वर्षं वॉर्डात काढली, स्पष्ट बोलते. तुमची चिठ्ठी उघडून बघा काय लिहिलंय. 'मानसिक त्रास, पुढील तपासणीसाठी' एवढंच असेल तर त्या चिठ्ठीला रांगेत वजन नाही. परत त्याच डॉक्टरांकडे जा आणि लिहून मागा: झोप किती दिवस नाही, वजन किती उतरलं, नोकरी कधी सुटली, घराण्यात कुणाला होतं का, मरणाचे विचार बोलून दाखवले का. बहुतेक डॉक्टर आनंदाने लिहून देतात, फक्त कुणी मागत नाही. सोमवारी सकाळी फोन करून विचारा, कुणाची तारीख रद्द झाली का. मी नोकरीत असताना अशा जागा रिकाम्या गेलेल्या बघितल्या आहेत.

हेही ऐका. तारीख ही थांबू शकणाऱ्यासाठी असते. जीव नकोसा झाला असं बोलला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, कानात आवाज येतात म्हणाला, चार दिवस पाणीसुद्धा धड घेतलं नाही, तर तारखेचा कागद बाजूला ठेवून सरळ कॅज्युअल्टीत जा किंवा १०८ ला फोन करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशा वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, मनोविकारतज्ज्ञच हवा असं नाही. बागायतीत फवारायचं औषध आणि घरातल्या गोळ्या आजच कुलपात ठेवा. त्याला संशय आला तर येऊ दे. आणि मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारलं तर तो विचार डोक्यात भरवला जातो, हे खोटं आहे. विचारा.

कुळागरवाला, फोंडा

चुकलेलं सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. माझं दारूचं. व्यसनमुक्तीसाठी नाव घातलं होतं, बोलावणं यायला तीन आठवडे होते. मनाशी म्हटलं, डॉक्टरांकडे जाईन तेव्हा सुटलेला माणूस म्हणून जाईन. एका शनिवारी फेणीची बाटली माडाच्या आळ्यात ओतली. रविवारी हात कापायला लागले, सोमवारी पहाटे न्हाणीच्या दारात झटका येऊन पडलो. थोरल्या मुलाने बघितलं. तो तेव्हा नववीत होता.

नंतर कळलं, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. गावातल्या डॉक्टरला आधी सांगितलं असतं तर त्याने गोळ्या देऊन सांभाळलं असतं, किंवा आधीच दाखल करून घेतलं असतं. मी शूरपणा करायला गेलो. आज चार वर्षं झाली, घेत नाही. पण पोरगा अजून न्हाणीचं दार बंद असलं की बाहेरून हाक मारतो.

हळदोण्याचा

एक हलकं. बांबोळीला मेडिकल कॉलेजही आहे आणि मनोरुग्णालयही, म्हणून 'बांबोळीला जाऊन येतो' म्हटलं की लोक समजतात मूतखडा. मी दोन वर्षं शेजाऱ्यांकडून मूतखड्यावरचे काढे घेतोय.

एमएसडब्ल्यूवाली, पर्वरी

मी समाजकार्याची विद्यार्थिनी, म्हणून हे थोडं पुस्तकी वाटेल. थांबण्याचं मूळ कारण साधं आहे, मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि माणसं जास्त. यावर एक उत्तर आपल्याच गोव्यात तपासलं गेलं. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगत संस्थेच्या लोकांनी २४ ठिकाणी, म्हणजे अर्धी सरकारी आरोग्य केंद्रं आणि अर्धे खासगी दवाखाने, असा मोठा प्रयोग केला. त्यात गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं होतं. २०१० मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्यात स्पष्ट फरक दिसला, खासगीत तसा नाही. म्हणजे तज्ज्ञाची तारीख येईपर्यंत मदतीला दुसरं कुणीच नसतं असं नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक कुठल्या दिवशी येतात ते विचारून तर बघा.

त्याच लोकांच्या पुढच्या कामात नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा उपचार होता. त्याचा गाभा असा: मन लागेल तेव्हा काम करीन म्हणायचं नाही. छोटं, ठरलेलं काम ठरल्या वेळी करायचं, मन मागाहून येतं. मी हे माझ्या मावशीवर वापरलं. सकाळी आठला तुळशीला पाणी, बस. पहिला आठवडा तिने मला शिव्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात शिव्या देत देत पाणी घातलं.

पणजीकर कारकून

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. थांबवेना, म्हणून बायकोला खासगीत नेलं. बचत गेली, आणि रांगेतल्या इतरांना सोडून पळालो असं उगाच वाटत राहिलं. त्याच २०१७ च्या कायद्याप्रमाणे विमा कंपनीने मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरायला हवं. आमच्या कंपनीने आधी नकार दिला, मग कलम २१ चा उल्लेख करून पत्र लिहिलं तेव्हा दाखल असतानाचं बिल दिलं. बाहेरून बघण्याची फी पॉलिसीत बसत नव्हती, ती गेलीच. कलम १८ ही वाचा. सरकारी सेवा उपलब्ध नसेल तर खर्चाची भरपाई सरकारकडे मागता येते. मी अर्ज करून ठेवलाय. बघू.

पेडण्याची सून

विसरलेच होते. १४४१६, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन नंबर, दिवसरात्र लागतो, पैसे नाहीत, मराठीत बोलतात. मी पहाटे तीनला केला होता. पलीकडच्या मुलीने काही मोठं सांगितलं नाही, बाळाला पाजेपर्यंत नुसती फोनवर राहिली.

निवृत्त सिस्टर, सत्तरी

आणि तारखेला गोळ्या मिळाल्या की आठ दिवसांत 'गुण नाही' म्हणून बंद करू नका. नैराश्याच्या गोळीला दोन ते सहा आठवडे लागतात, पोट बिघडणं मात्र पहिल्याच दिवशी. हे आधी माहीत असलं की माणूस टिकतो.

तळ्याकाठची, डिचोली

सगळ्यांचं वाचलं. कुळागरवाले दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

चिठ्ठी नव्याने लिहून घेतली. सोमवारी फोन केला, जागा नव्हती. पुढच्या सोमवारी केला, तारीख बारा दिवस अलीकडे आली. तरीही चवथीनंतरचीच. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात आहे. सिस्टरांनी सांगितलं तसं त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'विचार येतात, करणार नाही. पण विचारत राहा.' १४४१६ वर चार मिनिटं बोलला आणि ठेवून दिला. चार तर चार.

चवथीला पाहुणे कमी बोलावले. बाबांनी स्वतःच मामांना फोन करून सांगितलं की त्याला बरं नाही, विचारू नका. बाबा असं करतील असं मला वाटलं नव्हतं.

काल बाजारातून तोरिंग, आंबाडे, सुपारीचे घोस आणून ओसरीवर ठेवले आणि काही बोलले नाही. संध्याकाळी तो खोलीतून बाहेर आला, सगळं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, 'केवणीचे दोर आणले नाहीत? आता हे बांधणार कशाने?' आज सकाळी तो आणि बाबा केवण शोधायला डोंगरावर गेलेत. अजून आले नाहीत, पाऊस लागलाय.