क्लॅरिफायरच्या काठाला गाळ उसळतोय, बॅफल बसवावा का?

प्रश्न: सांडपाणी प्रकल्पात २४ मीटर व्यासाचा गोल सेकंडरी क्लॅरिफायर (जैविक प्रक्रियेनंतर गाळ खाली बसवणारी टाकी). आवक मध्यातून, विअर (ज्यावरून नितळ पाणी बाहेर सांडतं तो कठडा) काठाला. एमएलएसएस (आत येणाऱ्या पाण्यातल्या गाळाचं प्रमाण) ३००० मिग्रॅ/लि., एसव्हीआय (गाळ कसा बसतो त्याचा निर्देशांक) ११०, ब्लँकेट (तळाशी बसलेल्या गाळाचा थर) अर्धा मीटरसुद्धा नाही. तरी आवक वाढली की मध्यावर पाणी नितळ आणि विअरपाशी गाळाचे ढग. काठाला बॅफल (प्रवाह वळवणारा पत्रा) लावू का? तोवर रिटर्न स्लज (तळाचा गाळ जैविक टाकीत परत पाठवणं) वाढवून फरक पडेल का?

उत्तर १: रिटर्न वाढवू नका. ब्लँकेट इतकं खाली असताना त्याची गरज नाही, उलट मध्यातून येणारं पाणी वाढेल आणि दुखणंही.
मध्याला नितळ, काठाला ढग ही घनता प्रवाहाची खूण. तुमचं गाळमिश्रित पाणी नितळ पाण्यापेक्षा घनमीटरमागे जेमतेम १ किलो जड, पण तेवढं पुरतं. सेंटर वेलमधून (आवक जिथे उतरते त्या मध्यावरच्या गोल कड्यातून) सुटताच ते खाली बुडतं, बुडताना आसपासचं नितळ पाणी ओढून घेतं, ब्लँकेटवरून सरपटत भिंतीला धडकतं आणि भिंत धरून वर चढतं. वर नेमका विअर! म्हणून ओव्हरफ्लो रेट (टाकीच्या क्षेत्रफळामागे बाहेर पडणारं पाणी) कागदावर ठीक असूनही गाळ जातो.

उत्तर २: निदान पटतंय, तरी ऑर्डर देण्याआधी तपासाच. ढग उठलेले असताना विअरजवळचा नमुना घ्या, त्याच पात्रात ३० मिनिटं न हलवता ठेवा आणि वरच्या पाण्याचा टीएसएस (पाण्यात तरंगत राहिलेल्या कणांचं प्रमाण) काढा. शिवाय टाकीत येणाऱ्या गाळमिश्रित पाण्याचा नमुना ५० आरपीएमवर ३० मिनिटं ढवळून, ३० मिनिटं निवळवून तसंच करा. दोन्ही आकडे कमी आणि विअरवर मात्र टीएसएस जास्त, तर दोष प्रवाहाचा. पहिला जास्त, दुसरा कमी असेल तर फ्लॉक (गाळाच्या कणांचा पुंजका) नीट बांधला जात नाही. तिथे काठाच्या बॅफलने काही साधणार नाही, सेंटर वेल बघा. तुमच्या टाकीला तो ७ ते ८ मीटर व्यासाचा हवा.

उत्तर ३: बॅफल घेतलाच तर विअरच्या खाली, भिंतीपासून मध्याकडे ४५ अंशांत उतरता. सपाट बसवला तर त्यावर गाळ साचून कुजतो. भिंतीलगत वायू सुटायला छिद्रं ठेवा. ब्लँकेट बॅफलपर्यंत चढू दिलंत तर उपयोग शून्य.
आणि हेच प्रायमरी टाकीत (जैविक प्रक्रियेआधीच्या) डोळे मिटून करू नका. तिथे गाळ विरळ, त्यामुळे आवक टाकीतल्या पाण्याहून १ अंश जरी गरम असली तरी प्रवाह तळाऐवजी पृष्ठभागावरून धावू शकतो.