मदत हवी आहे: बाबांना म्युन्स्टर आणि आसपास सायकलवर फिरवायचंय

नमस्कार मंडळी,

मी दीड वर्षापासून जर्मनीत म्युन्स्टरला एमएस्सी करतोय. मेच्या पहिल्या आठवड्यात बाबा तीन आठवड्यांसाठी येताहेत. वय ६२. नोकरीची सगळी वर्षं ते मिरजेहून सांगलीला सायकलने गेले, रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. व्हिसा झाल्याचं कळल्यावर पहिला प्रश्न आला, "तिथं मला सायकल मिळंल का रं?" बर्लिन-पॅरिस काही नको म्हणतात. वारीच्या आधी परत पोचवायचं, एवढी एकच अट.

म्युन्स्टर सायकलवाल्यांचंच गाव आहे. इथले लोक सायकलला 'लेत्से' म्हणतात, आणि शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांना 'पेटकं'. जुन्या तटबंदीच्या जागी गावाभोवती साडेचार किलोमीटरचा प्रॉमनाड नावाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं, मोटारींना बंदी. सुरुवातीचे चार-पाच दिवस बाबांना तिथंच सराव करू द्यायचा असा विचार आहे. फक्त सकाळी आठच्या सुमारास नको, तेव्हा लेक्चर गाठायला निघालेली पोरं फार जोरात असतात.

आता अडचणी. सर्वांत मोठी ब्रेकची. इथल्या बऱ्याच साध्या सायकलींना पायडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. बाबांची सवय अशी, की डावा पाय पायडलवर ठेवायचा, दोन-तीन ढांगा टाकत सायकल पुढे रेटायची आणि मग उजवी टांग टाकायची. सिग्नलला थांबले की पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणायचं. चाळीस वर्षांची सवय पायातून कशी जाणार? मी स्वतः पहिल्या महिन्यात याच ब्रेकमुळे ओल्या पानांवर आडवा झालोय, तेव्हा कोपर फुटलं होतं. म्हणून दोन्ही ब्रेक हँडलला असलेली सायकल हवी आहे. स्टेशनसमोरच्या राडस्टेशनमध्ये भाड्याने सायकली मिळतात, पण तीन आठवडे भाडं भरण्यापेक्षा जुनी विकत घेऊन नंतर विकणं बरं पडतं का? त्यांचा उजवा गुडघाही कुरकुरतो. मुलूख सपाट असला तरी समोरून वारा असेल तर दम निघतो, तेव्हा बॅटरीवाली घ्यावी का? ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणाऱ्या सायकलीला लायसन लागत नाही हे माहीत आहे. प्रश्न वजनाचा आहे. सवय नसलेल्या माणसाला ती थांबताना सावरते का, हे वापरणाऱ्यांनी सांगावं.

दुसरी काळजी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची. सरळ रस्त्यावर जमेल, पण डावीकडे वळताना डोकं आपोआप आपल्याकडच्यासारखं चालतं. शिवाय पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, वळण्याआधी हात दाखवायचा, आणि रस्त्याच्या डाव्या अंगाच्या सायकलपट्टीवर पाटी नसेल तर जायचंच नाही. कोणी आपल्या आई-वडिलांना हे शिकवलंय का? मी पुढे राहावं की मागे? पुढे राहिलो तर ते दिसत नाहीत, मागे राहिलो तर वळण सांगायला ओरडावं लागतं.

रस्त्याचं म्हणाल तर माझ्या मनात टेल्गटे हे गाव आहे. म्युन्स्टरपासून बाराएक किलोमीटर, एम्स नदीच्या काठी. तिथल्या मारियेच्या (येशूच्या आईच्या) देवळाला ऑस्नाब्रुकहून दर उन्हाळ्यात लोक पायी येतात. बाबा माळकरी आहेत, त्यांना ते गाव दाखवायचंच आहे. पुढे एम्सच्या काठानं वारेनडॉर्फपर्यंत जाऊन रेल्वेने परत यावं म्हणतो. टेल्गटे-वारेनडॉर्फ दरम्यान मी गेलेलो नाही. वाट पक्की आहे की मातीची? मध्ये बसायला सावली, प्यायला पाणी मिळतं का? डॉइचलांड तिकिटात (देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) सायकल धरत नाहीत, तिचं वेगळं तिकीट काढीनच. पण रविवारी संध्याकाळी डब्यात दोन सायकलींना जागा मिळते का? व्हीलचेअर आणि बाबागाडीला आधी जागा द्यायची असते, त्यामुळे ऐनवेळी फलाटावर राहायला नको.

दुसरा पर्याय पश्चिमेकडे ह्युल्सहोफचा पाण्यातला गढीवाडा. आनेटे फॉन ड्रोस्टे-ह्युल्सहोफ ही कवयित्री १७९७ मध्ये तिथं जन्मली. अंतर साधारण दहा किलोमीटर, वाट शेतांतून. पहिल्या लांब फेरीला यातलं कोणतं बरं? माझा कल ह्युल्सहोफकडे आहे, कारण थकले तर लवकर परत फिरता येईल.

विम्याचंही विचारायचंय. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढलाय, पण तो आजारपण आणि अपघाताचा. बाबांची सायकल कुणाच्या मोटारीला घासली तर भरपाई कोण देणार? माझ्या दायित्व विम्यात (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) पाहुणा धरतात का, असा अनुभव कुणाला आहे का?

दिव्यांचं विचारत नाही, तो धडा झालाय. मागच्या नोव्हेंबरात मागचा दिवा बंद असताना पोलिसांनी थांबवलं आणि २० युरो भरले. चूक माझीच होती.

पावसाबद्दल इथं म्हणतात, म्युन्स्टरमध्ये एक तर पाऊस पडतो नाहीतर घंटा वाजतात, आणि दोन्ही एकदम झालं तर रविवार असतो. म्हणून रेनकोट सांगलीहून आणायला सांगू की सायकलवर चालेल असा इथंच घेऊ?

बाबांना दर रविवारी फोन करतो, तेव्हा हे सगळं वाचून दाखवणार आहे. म्युन्स्टरलांडमध्ये, म्हणजे या गावाच्या आसपासच्या मुलखात, राहिलेल्यांनी किंवा आई-वडिलांना परदेशात सायकल चालवायला दिलेल्यांनी जरूर लिहा.