केर फळाच्या जीसी-एमएसमध्ये थॅलेट आलंय, प्रबंधात घालू का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पात अडकलेय. मी सोलापूरची, सध्या जोधपूरला. विषय थरच्या वाळवंटातलं केर हे झुडूप, म्हणजे आपली नेपती. पानं नावालाच, सगळा कारभार हिरव्या काटेरी फांद्यांवर. मे महिन्यात बाजारातून कच्ची फळं आणली, सावलीत वाळवली, दळली आणि मिथेनॉलमध्ये तीन दिवस भिजवली.

डीपीपीएचचं, म्हणजे अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायच्या चाचणीचं, काम छान झालं. अर्धा तास अंधारात ठेवल्यावर जांभळं द्रावण पिवळट पडलं, ५१७ नॅनोमीटरला रीडिंगं घेतली, तुलनेसाठी जोडीला ॲस्कॉर्बिक आम्ल होतंच.

घोळ जीसी-एमएसचा आहे, म्हणजे अर्काची वाफ करून त्यातली संयुगं वेगळी करून ओळखायच्या तपासणीचा. ते बाहेरून करून आणलं. पामिटिक आम्ल, लिनोलेइक आम्लाचा मिथाइल एस्टर, बीटा-सिटोस्टेरॉल हे ठीक. पण आलेखात सगळ्यात उंच शिखर थॅलेटचं! मास स्पेक्ट्रममध्ये त्याची ओळखखूण, १४९ वस्तुमानाचा तुकडा, ताठ उभा. सर म्हणतात, "घाल की, इतरांच्या पेपरांतही असतं." असतं खरं. पण माझा अर्क आठवडाभर प्लॅस्टिकच्या बाटलीत होता आणि ब्लँक, म्हणजे केर न घातलेला नुसता मिथेनॉलचा नमुना, कुणी चालवलेलाच नाही. शिवाय केरमध्ये रुटिन हे फ्लेव्हनॉइड असतं असं वाचलं होतं, त्याचा पत्ताच नाही.

अजून एक. घरमालकीणबाई केर चार-पाच दिवस ताकात ठेवतात, कडवटपणा जाईपर्यंत. मगच केर-सांगरीची भाजी. म्हणजे मी तपासलं ते कच्चं फळ इथे कुणी खातच नाही! भिजवलेले केरही तपासू का? जूनअखेर प्रबंध द्यायचाय.

प्रतिसाद

थॅलेट केरचं म्हणून अजिबात लिहू नकोस. ते प्लॅस्टिक मऊ करायला घालतात आणि मिथेनॉल ते सहज ओढून घेतं. तेच मिथेनॉल, तसलीच बाटली, तेवढेच दिवस, फक्त केर न घालता ठेव आणि तेही मशीनवर चालव. यादीत २०७, २८१ वस्तुमानाची सिलोक्सेनं (सिलिकॉनची संयुगं) असतील तर तीही काढ, ती यंत्रातल्या कॉलमच्या नळीची किंवा सेप्टमची, म्हणजे सुई घुसते त्या रबरी चकतीची. मिथाइल एस्टरबद्दलही जपून लिही, मिथेनॉलमुळे ते अर्कातच तयार होऊ शकतात.

रुटिन जीसीत दिसणारच नाही, त्याची वाफच होत नाही. त्याला एचपीएलसी लागेल, त्यात वाफ न करता द्रावणातच संयुगं वेगळी होतात.

भिजवलेले केर नक्की तपास, मला तर प्रकल्पातला तोच भाग आवडला. फक्त ताकाऐवजी मिठाच्या पाण्यात ठेव. ताकातली प्रथिनं फिनॉलिकांना (केरमधल्या अँटिऑक्सिडंट संयुगांना) धरून बसतात, आकडे फसवतील. आणि ते पाणी ओतून देऊ नकोस, त्याचंही डीपीपीएच कर.

धागाकर्ती

खूप आभार, दादा! काचेच्या बाटल्या मागितल्यात. थोडे केर भिजवून पाहिले होते, त्यांचं पाणी मात्र कालच मोरीत गेलं, आता नव्याने केर भिजत घालते.